बॅन्फशायरमध्ये पाच रात्री: आधी धुकं बघा, मग गाडी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुण्याहून येताय, एडिंबरा आटोपून पाच रात्री बॅन्फशायरमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या जुन्या काउंटीत, काढायच्या आहेत. बरोबर सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि दहा वर्षांचा मुलगा. वडील शाकाहारी आणि मराठ्यांच्या इतिहासाचे दर्दी, आईचे गुडघे दुखतात. तुमच्या यादीत बारा किल्ले, चार डिस्टिलऱ्या (व्हिस्कीचे कारखाने) आणि ‘जमलं तर एक दिवस स्काय’ बेट.

मी अबर्डीनला राहतो. भारतातून येणाऱ्या कुटुंबांच्या या भागातल्या सहली आखायच्या आणि बऱ्याचदा स्वतःच गाडी चालवायची, हे माझं काम. त्यामुळे आधी यादीतून काय कापायचं तेच सांगतो.

स्काय काढून टाका. बॅन्फशायर पूर्वेच्या अंगाला, स्काय पश्चिम टोकाला. जाऊन-येऊन आठ तासांहून जास्त वेळ गाडीत जाईल आणि आईंचे गुडघे दुसऱ्या दिवशी जाब विचारतील. बारा किल्ल्यांपैकी आठ-नऊ एकसारखेच भग्न बुरूज आहेत, तेही जाऊ द्या. डिस्टिलरी एक पाहा, फार तर दीड.

आता मुक्काम. ही जुनी काउंटी १९७५ साली कारभारातून गेली. तिचा बॅन्फ, मॅकडफ, पोर्टसॉयकडचा भाग आज अबर्डीनशायर कौन्सिलकडे आहे आणि कलन, बकी, कीथ, डफटाउन, टॉमिनटोल हा भाग मोरे कौन्सिलकडे. त्यामुळे सरकारी पर्यटन पत्रकांत तुम्हाला एका पत्रकात अर्धी काउंटी दिसते, दुसऱ्यात उरलेली, आणि लोक समजतात की हे दोन वेगळे प्रदेश आहेत, तर दोन मुक्काम करायला हवेत. तसं करू नका. पोर्टसॉय किंवा कलनमध्ये स्वयंपाकघर असलेलं एक घर पाचही रात्रींसाठी घ्या. तिथून बॅन्फ वीसेक मिनिटांवर, व्हिस्कीची खोरी पाऊण ते एक तासावर आणि सगळ्यात लांबचं टॉमिनटोल सुद्धा दीड तासाच्या आत.

एकाच मुक्कामाचा हट्ट धरण्यामागे खरं कारण हवामानाचं आहे. स्कॉटलंड म्हणजे पाऊस, हे पश्चिम किनाऱ्याबद्दल खरं. पश्चिमेकडून येणारे ढग डोंगरांवर रिकामे होतात आणि हा किनारा आडोशाला पडतो. महाबळेश्वरला कोसळतो आणि वाईला भुरभुरतो, तसंच. पण इथली अडचण वेगळी. जूनमध्येही उत्तर समुद्र गार असतो. त्यावरून उबदार, दमट हवा आली की धुकं तयार होतं, आणि वारा उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून असला की ते किनाऱ्यावर येऊन बसतं. इथले लोक त्याला ‘हार’ म्हणतात. सकाळी खिडकी उघडावी तर समोरचं बंदरही दिसत नाही. नवखे प्रवासी दिवस फुकट गेला म्हणून चहा पीत बसतात. आणि त्याच वेळी दहा-पंधरा मैल आत, कीथला, कडक ऊन पडलेलं असतं! उलटही होतं: डोंगरांवर ढग उतरलेले आणि किनारा लखलखीत.

म्हणून दिवसांना क्रमांक देऊ नका. चार पूर्ण दिवस हातात आहेत, त्यातले दोन समुद्राचे आणि दोन खोऱ्यांचे. कुठला कधी, ते रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी वाऱ्याची दिशा पाहून ठरवा. ज्यांची वेळ आधीच ठरवावी लागते अशा गोष्टी अगदी थोड्या आहेत, त्या शेवटी सांगतो.

समुद्राच्या दिवसांपैकी एक पूर्वेकडे, बॅन्फच्या बाजूला घालवा. बॅन्फमध्ये पहिलं पाहायचं ते डफ हाउस. ही वास्तू किल्ला नाही, हवेली आहे. १७३५ ते १७४० या काळात विल्यम अॅडम या वास्तुरचनाकाराने विल्यम डफसाठी, म्हणजे लॉर्ड ब्रॅकोसाठी, ती बांधली. हा ब्रॅको पुढे पहिला अर्ल ऑफ फाइफ झाला. बांधकाम चालू असतानाच पैशांवरून दोघांची जुंपली आणि प्रकरण कोर्टात गेलं. दोन्ही बाजूंना जे पंख व्हायचे होते ते कधी झालेच नाहीत. म्हणूनच ही इमारत समोरून पाहताना इतकी उंच आणि एकाकी वाटते. मालक तिथे राहायला गेलाच नाही, आणि बॅन्फवरून जाताना घर दिसू नये म्हणून बग्गीचे पडदे ओढून घ्यायचा असं सांगतात. बांधकामातल्या ठेकेदाराशी ज्याचं वाजलं आहे असा कुठलाही पुणेकर या माणसाला समजून घेईल.

पुढे १९०६ साली ड्यूक ऑफ फाइफने ती बॅन्फ आणि मॅकडफ या दोन गावांना देऊन टाकली. मग तिथे हॉटेल झालं, रुग्णालय झालं, दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांची छावणी झाली आणि १९४० मध्ये जर्मन बॉम्बही पडला. १९९५ पासून तिथे नॅशनल गॅलरीजच्या सहकार्याने कलादालन चालतं. चित्रं चांगली आहेत, पण मुलाला कंटाळा येऊ शकतो. तेव्हा तुमच्यापैकी एकाने त्याला घेऊन मागच्या रानातून डेव्हरन नदीच्या काठाने ब्रिज ऑफ अल्व्हापर्यंत चालून यावं. अठराव्या शतकातली ही एकच कमान खोल घळीवर उभी आहे. आईवडिलांनी तेवढ्या वेळात आत निवांत फिरून चहा घ्यावा.

आता वडिलांसाठी. ज्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास लिहिला, तो जेम्स ग्रँट डफ याच बॅन्फ गावात १७८९ साली जन्मला. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये तो साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी कंपनीचा अधिकारी म्हणून गेला. कामाच्या आणि कागदपत्रांच्या रगाड्यात तब्येत खालावली, मग मायदेशी परतला. आईकडून आलेली ईडनची मालमत्ता मिळाल्यावर त्याने नावाला ‘डफ’ जोडलं. ग्रंथ पूर्ण झाला तो इथे परतल्यावर. मुलाचं नाव त्याने आपल्या साहेबाच्या नावावरून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवलं, आणि तो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. ईडनचं घर बॅन्फच्या दक्षिणेला डेव्हरनच्या काठी आहे, पण खाजगी आहे. फाटकाशी जाऊन डोकावू नका. त्या बाजूला ईडन कॅसल म्हणून एक पडका बुरूज आहे, तो ए९४७ ने अबर्डीनकडे जाता-येता लागतो, तेवढं पुरे.

ग्रँट डफच्या नावाचं स्मारक किंवा दालन शोधत आलात तर निराश व्हाल. बॅन्फमध्ये तो बहुतेकांना माहीतही नसतो. वडिलांना मात्र गावाच्या वरच्या अंगाच्या जुन्या रस्त्यांवरून अर्धा तास चालवा. त्या काळातली बरीच घरं अजून उभी आहेत. पोरवयात कॅडेट म्हणून मुंबईला निघालेला मुलगा कसल्या गावातून निघाला होता, हे त्या गल्ल्यांत कळतं. नीलकंठ कीर्तने आणि राजवाडे यांनी त्याच्या इतिहासाचा कसा समाचार घेतला, ते वडील तुम्हाला गाडीत सांगतीलच.

बॅन्फहून मॅकडफला जाताना तुम्ही सात कमानींचा पूल ओलांडाल. तो अभियंता जॉन स्मीटनचा, १७७९ चा. पलीकडे मॅकडफचं मत्स्यालय. इथली मुख्य टाकी वरून उघडी आहे आणि तिच्यात जिवंत केल्पचं, म्हणजे उंच समुद्री शेवाळाचं, जंगल वाढवलं आहे. वरून ऊन पडतं, यंत्राने लाटा उसळवतात आणि याच किनाऱ्यावरचे मासे त्यात फिरतात. रंगीबेरंगी परदेशी मासे नाहीत, हेच त्याचं वैशिष्ट्य. मुलगा बाहेर समुद्रात जे पाहणार आहे तेच त्याला काचेआडून आधी दिसतं. या जागेच्या नूतनीकरणाचं मोठं काम हाती घेतलेलं आहे, तेव्हा उघडण्याचे दिवस संकेतस्थळावर बघूनच निघा. मॅकडफच्या पूर्वेला कड्याखाली टारलेअरचा १९३० च्या दशकातला उघडा पोहण्याचा तलाव आहे. पोहता येत नाही, पण पांढरी आर्ट डेको इमारत आणि मागचा काळा कडा, फोटोला झकास.

इथून पुढे आठेक मैलांवर गार्डन्सटाउन आणि क्रोव्ही. क्रोव्ही म्हणजे कडा आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर एका रांगेत उभी असलेली साठेक घरं. लाटांचा मार कमी बसावा म्हणून घरांची भिंत समुद्राकडे आणि दर्शनी भाग बाजूला. दारापर्यंत गाडी जात नाही, सामान हातगाड्यांवरून नेतात. ३१ जानेवारी १९५३ च्या वादळाने इथे इतकी नासधूस केली की बरीच कुटुंबं कायमची निघून गेली, आणि आज बहुतेक घरं सुट्टीपुरती उघडतात. आईंना खाली उतरवू नका. उतार तीव्र आहे आणि चढून परत यावं लागतं. वरच्या वाहनतळाजवळून सगळं गाव एका नजरेत दिसतं, ते त्यांच्यासाठी पुरेसं आहे. तुम्ही आणि मुलगा खाली जाऊन या, पण लक्षात ठेवा, अंगणातून चालल्यासारखी ती वाट आहे. लोकांच्या खिडक्यांत डोकावून फोटो काढू नयेत.

माझं मत विचाराल तर त्या दिवसाचा कळस ट्रूप हेड. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरची गॅनेट पक्ष्यांची सगळ्यात मोठी वसाहत या कड्यांवर आहे. गॅनेट म्हणजे पांढराशुभ्र, पंखांची टोकं काळी, पसरले की जवळपास सहा फूट. उंचावरून पंख मिटून समुद्रात बाणासारखा सूर मारतो. जूनमध्ये पिल्लं असतात, त्यामुळे आवाज आणि वास दोन्ही भरपूर. शेतातल्या वाहनतळापासून वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. रस्ता सपाटसर आहे, पण कड्याला कठडा नाही. मुलाचा हात सोडायचा नाही, आणि वारा जोराचा असेल तर जायचंच नाही. धुक्यात तर अजिबात नाही: दिसणार काहीच नाही आणि कडा कुठे संपतो ते कळणार नाही.

पेनन हे प्रसिद्ध गाव तिथून जवळच आहे, पण जुन्या हद्दीप्रमाणे ते अबर्डीनशायरमध्ये पडतं. क्रोव्ही पाहिल्यावर मी कोणाला तिकडे नेत नाही.

समुद्राचा दुसरा दिवस पश्चिमेकडे. हा सोपा दिवस आहे, आईवडिलांच्या सोयीचा, आणि सगळी ठिकाणं तुमच्या मुक्कामाच्या आजूबाजूलाच. पोर्टसॉयचं जुनं बंदर सतराव्या शतकातलं. धक्क्याचे दगड आडवे न बसवता उभे बसवले आहेत, ते मुलाला दाखवा. इथला हिरवा-लाल ‘पोर्टसॉय संगमरवर’ व्हर्सायच्या राजवाड्यात लागला असं गावकरी अभिमानाने सांगतात. शास्त्रीय दृष्टीने तो संगमरवर नाही, सर्पेंटाइन आहे. सॅमन बॉथी या १८३४ च्या इमारतीत सॅमन बर्फात घालून लंडनला पाठवायची व्यवस्था कशी होती ते पाहायला मिळतं. तास पुरे. पोर्टसॉयचा पारंपरिक होड्यांचा महोत्सव जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला भरतो. तुमच्या तारखा त्यात येत असतील तर गंमत आहे, पण घरं वर्षभर आधी भरलेली असतात, आणि त्या दोन दिवसांत गावात गाडी लावणं विसरा.

पोर्टसॉयच्या नैर्ऋत्येला तीनेक मैलांवर फोर्डाइस. बसगाड्या तिथे थांबत नाहीत. चिमुकल्या गावाच्या मधोमध १५९२ चा बुटका किल्ला, बाजूला जुनं चर्च आणि दफनभूमी. सगळं अर्ध्या तासात, सपाट रस्त्यावर होतं. तुमच्या आईंना फुलबागा आवडतात असं तुम्ही लिहिलं आहे, तर इथल्या घरांच्या कुंपणावरून दिसणाऱ्या बागा त्यांना मोठ्या राजवाड्याच्या बागेपेक्षा जास्त आवडतील असं मला वाटतं.

भग्न किल्ला एकच बघायचा तर फिंडलेटर. सँडएंड आणि कलनच्या मधे, समुद्रात घुसलेल्या सुळक्यावर थोड्या भिंती चिकटून राहिल्या आहेत. शेताजवळ गाडी लावून पंधरा मिनिटं चालायचं आणि वरूनच बघायचं. खाली उतरायची वाट आहे, लोक उतरतात, मी कोणाला उतरू देत नाही. दगड सुटे आहेत. त्याच पायवाटेने थोडं पश्चिमेला गेलं की सनीसाइडचा किनारा. तिथे रस्ता पोहोचत नाही म्हणून गर्दीही पोहोचत नाही.

कलनमध्ये डोक्यावरून रेल्वेचे उंच कमानीपूल जातात. १८८६ साली किनाऱ्याने रेल्वे आली तेव्हा सीफील्डच्या काउंटेसने आपल्या बागेच्या आवारातून रूळ टाकू दिले नाहीत. कंपनीला वळसा घालून, गावावरून, एवढे पूल बांधावे लागले. १९६८ मध्ये मार्ग बंद झाला आणि आता त्या पुलांवरून चालण्या-सायकलची वाट आहे. चढ-उतार नाही. सगळं गाव, वाळूचा किनारा आणि ‘तीन राजे’ म्हणतात ते खडक वरून दिसतात. आईंसाठी अख्ख्या सहलीतली ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात देखणी फेरी. गावाबाहेरच्या जुन्या चर्चमध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याच्या राणीची आतडी पुरली आहेत. १३२७ साली ती कलनला वारली, देह डनफर्मलिनला न्यायचा होता, म्हणून ही तजवीज. मुलाला हा तपशील नक्की आवडेल.

तिथून दोन-तीन मैलांवर पोर्टनॉकीचा बो फिडल रॉक. व्हायोलिनच्या गजासारखा वाकलेला क्वार्टझाइटचा कमानदार खडक, रस्त्यापासून पाच मिनिटांवर. सकाळी लवकर उजेड चांगला. जूनमध्ये सूर्य सव्वाचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे ‘लवकर’ म्हणजे किती लवकर ते तुम्हीच ठरवा. या किनाऱ्यावर कुठेही थांबलात तरी पाण्यावर नजर ठेवा. मोरे फर्थमध्ये, म्हणजे इथल्या आखातात, बॉटलनोज डॉल्फिनांचा कायमचा कळप आहे, सुमारे दोनशेंचा, आणि जगातल्या सगळ्यात उत्तरेकडच्या कळपांत तो मोडतो. बोटीची सहल घ्यायलाच हवी असं नाही. बंदराच्या टोकाशी दुर्बीण घेऊन तासभर बसणारे लोक त्यांना बऱ्याचदा फुकटात बघतात.

आता खोरी. धुक्याची सकाळ पडली की गाडी कीथकडे वळवा.

कीथला स्ट्रॅथआयला डिस्टिलरी आहे, १७८६ ची, आणि दिसायला सगळ्यांत सुबक. पण तुमच्या यादीतली ग्लेनफिडिकच ठेवा, कारण तिथे मोकळी जागा जास्त आहे आणि वडिलांसारख्या न पिणाऱ्यालाही गोष्ट कळते. विल्यम ग्रँटने मुलाबाळांना हाताशी धरून ती उभारली आणि १८८७ च्या नाताळच्या दिवशी पहिली धार पडली. टूरमध्ये तांब्याच्या भट्ट्यांपेक्षा गोदामाकडे लक्ष द्या. कायद्याने स्कॉच म्हणवून घ्यायला मद्य स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं राहावं लागतं, आणि दरवर्षी साधारण दोन टक्के उडून जातं. बहुतेक डिस्टिलऱ्यांत आठ वर्षांखालच्या मुलांना भट्टीच्या भागात नेत नाहीत. दहा वर्षांच्या मुलाला सहसा अडचण येत नाही, पण बुकिंग करताना वय सांगा.

मुलासाठी मात्र खरी जागा क्रेगेलाखीची स्पेसाइड कूपरेज, म्हणजे पिंपं दुरुस्त करण्याचा कारखाना. वरच्या सज्जातून खाली कारागीर दिसतात: हातोडा, लोखंडी कड्या, धूर, आग. मजुरी पिंपागणिक, त्यामुळे कोणी क्षणभर थांबत नाही. हे काम शिकायला चार वर्षं उमेदवारी करावी लागते. खिळा नाही, गोंद नाही, तरी पिंप गळत नाही, ते कसं हे मुलाला कोणाला विचारावं लागू नये इतकं तिथे नीट दिसतं. शनिवार-रविवारी काम बंद असतं. कामाच्या दिवशीच जा. हीच ती ‘दीड’ मधली अर्धी डिस्टिलरी. गावाच्या खालच्या बाजूला स्पे नदीवर अभियंता टेलफर्डचा १८१४ चा ओतीव लोखंडाचा पूल आहे. कमान इतकी हलकी दिसते की तिच्यावरून एकेकाळी मुख्य रस्त्याची वाहतूक जायची हे खरं वाटत नाही.

डफटाउनमध्ये चौकातलं घड्याळ बघा. जेम्स मॅक्फर्सन हा व्हायोलिन वाजवणारा लुटारू १७०० साली बॅन्फला फासावर गेला. माफीचा हुकूम येत असल्याची कुणकुण लागताच तिथल्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पुढे सरकवलं आणि घोडेस्वार पोहोचायच्या आत काम उरकलं, अशी दंतकथा आहे. तेच घड्याळ आता डफटाउनच्या मनोऱ्यात आहे असं सांगतात. जवळचा बॅल्व्हेनी किल्ला ग्लेनफिडिकपासून चालत जाण्याएवढा जवळ आहे, आणि फिंडलेटरनंतर दुसरा किल्ला हवाच असेल तर हा.

डफटाउन ते कीथ अशी अकरा मैलांची जुनी रेल्वे स्वयंसेवक चालवतात. साधारण पाऊण तासाचा प्रवास, डबे जुने, आणि आईंच्या गुडघ्यांना आराम. ती मुख्यतः शनिवार-रविवारी धावते, आणि कूपरेज नेमकी तेव्हाच बंद. म्हणजे दोन्ही हवं असेल तर खोऱ्यांच्या दोन दिवसांपैकी एक कामाचा वार आणि एक सुट्टीचा वार जमवावा लागेल. वाऱ्याच्या तंत्राने चालायचं असलं तरी एवढं एक गणित आधी मांडून ठेवा.

दुसरा खोऱ्यांचा दिवस दक्षिणेला, ग्लेनलिव्हेट आणि टॉमिनटोलकडे. वाटेत बॅलिनडॅलख किल्ला. हा भग्न नाही, मॅक्फर्सन-ग्रँट कुटुंब अजून तिथे राहतं. बाग उत्तम, आईंना दोन तास द्या. अबर्डीन-अँगस जातीच्या गुरांचा सगळ्यात जुना कळप इथला, १८६० पासूनचा. वडिलांना गुरं दाखवा, उपहारगृहाची पाटी दाखवू नका.

ग्लेनलिव्हेटमध्ये डिस्टिलरीपेक्षा स्केलनला जा. कॅथलिक धर्मावर बंदी असताना, अठराव्या शतकात, या आडरानात पाद्री तयार करणारी गुप्त शाळा चालली. कलोडनच्या लढाईत बंडखोर हरल्यावर १७४६ मध्ये सरकारी सैनिकांनी ती जाळली, लोकांनी पुन्हा उभारली, आणि १७९९ पर्यंत शंभराहून जास्त पाद्री इथून बाहेर पडले. आज माळावर एक साधं दगडी घर आहे. आत फिरता येतं. गाडी चॅपलटाउनजवळ लावून कच्च्या रस्त्याने मैलभर चालावं लागतं, चढ किरकोळ. ज्या दऱ्यांनी पाद्री लपवले त्यांनीच बेकायदा भट्ट्याही लपवल्या. भट्ट्यांना परवाना घेणं सोपं करणाऱ्या १८२३ च्या कायद्यानंतर ग्लेनलिव्हेट डिस्टिलरीच्या जॉर्ज स्मिथने १८२४ मध्ये परवाना काढला तेव्हा शेजारच्या चोरट्या भट्टीवाल्यांनी जाळपोळीच्या धमक्या दिल्या, आणि अॅबरलॉरच्या जमीनदाराने त्याला दोन पिस्तुलं भेट दिली. स्केलनपाशी उभं राहिलं की ही माणसं इथे का सापडत नव्हती ते समजतं.

टॉमिनटोल ३४५ मीटर उंचीवर आहे, सरळ रेषेत आखलेलं गाव, ड्यूक ऑफ गॉर्डनने १७७५ च्या सुमारास वसवलेलं. ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून त्याची जाहिरात तुम्ही वाचली असेल. जूनमध्ये तारे बघायला जाऊ नका. मध्यरात्रीही आकाश पुरतं काळं होत नाही. काउंटीची सगळ्यात उंच जागा म्हणजे बेन मॅकडुई, १,३०९ मीटर, अबर्डीनशायरच्या हद्दीवर. ती तुमच्या सहलीत बसत नाही. तुम्हाला एकट्यालाच चढायचं असेल तर एका सकाळी ८४१ मीटरचा बेन रिनेस करा, वाट स्पष्ट आहे.

खाण्याचं. वडिलांना अडचण होते ती मांस समोर दिसल्याने नाही, ते न दिसल्याने. मसूरच्या सूपमध्ये बरेचदा हॅमचा अर्क असतो. फिश-अँड-चिप्सच्या दुकानात बटाटे पुष्कळदा गाईच्या चरबीत तळतात. अबर्डीनकडचा ‘बटरी’ नावाचा खारट पाव परंपरेने डुकराच्या चरबीत करतात. प्रत्येक ठिकाणी विचारा, लोक खरं सांगतात आणि राग मानत नाहीत. मॅकरोनी चीज, शाकाहारी हॅगिस, भाजलेला बटाटा आणि अॅबरलॉरचं लोण्यातलं शॉर्टब्रेड यांवर दुपार निघते. रात्री घरी वरणभात. डाळ, पीठ, मसाले एडिंबरा किंवा अबर्डीनहून घेऊन या, कुकर पुण्याहून आणा. दूध-भाजीला बॅन्फ, बकी, कीथला मोठी दुकानं आहेत. तुम्ही आणि मुलगा मासे खात असाल तर कलनमध्ये कलन स्किंक चुकवू नका: धुरावलेला हॅडॉक, बटाटा, कांदा आणि दूध, बस. मासे आणि दूध एकत्र, हे आईंना सांगू नका.

गाडीबद्दल दोनच गोष्टी. पाहुणा म्हणून तुमचा भारतीय परवाना चालतो आणि इथेही डावीकडूनच गाडी चालवतात, त्यामुळे सवय लगेच होते. पण खोऱ्यांत एकाच गाडीपुरते रुंद रस्ते आहेत, आणि वाहतूक दोन्हीकडून. समोरून गाडी आली की जवळच्या ‘पासिंग प्लेस’मध्ये, म्हणजे रस्ता थोडा रुंद केलेल्या जागेत, जो आधी पोहोचेल त्याने थांबायचं, आणि तिथे फोटोसाठी गाडी लावायची नाही. दुसरं, स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, तिकडे ८०. चालकाने एक घोटही घेऊ नये. टूरमध्ये आधी सांगितलं तर चालकाच्या वाट्याचं छोट्या बाटलीत भरून देतात.

गाडी चालवायची नसेल तर ३५ नंबरची बस अबर्डीनहून बॅन्फ, पोर्टसॉय, कलन, बकी करत एल्गिनला जाते, म्हणजे समुद्राचे दिवस तिच्यावर भागतात. ट्रूप हेड, क्रोव्ही आणि ग्लेनलिव्हेट मात्र सुटतील. आगगाडी काउंटीत फक्त कीथला थांबते.

आधी बुक करायचं ते एवढंच, या क्रमाने: घर, भाड्याची गाडी (आईवडिलांना चढायला-उतरायला सोपी, उंच बैठकीची आणि ऑटोमॅटिक), ग्लेनफिडिकची टूर आणि छोट्या रेल्वेची तिकिटं. टूरची वेळ दुपारची घ्या, म्हणजे सकाळी किनाऱ्यावर ऊन असलं तर दोन तास तिथे काढून मग निघता येईल. तारखा पक्क्या झाल्या की कळवा. होड्यांच्या महोत्सवाच्या आठवड्यात येत असाल तर पोर्टसॉयऐवजी कलनमध्येच घर बघावं लागेल, आणि मग आठवड्याचे वारही पुन्हा जुळवून घेऊ.